बरोबरच्या हिरव्या खुणा

पप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. चिडायचं खरं तर इथल्या लोकांवर आहे, आमच्या पास्टरवर, या निवडणुकीवर. पण ते सगळे जिवंत आहेत, आणि जिवंत माणसाला काही सुनावलं की त्याचंही ऐकून घ्यावं लागतं. तुमच्याशी ती कटकट नाही. शिवाय सुरुवात तुमच्यापासूनच झाली. एका रविवारी तुम्ही मला जे रागावलात, त्यावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं, नोकरीसुद्धा, आणि आता तेच माझ्या अंगाशी आलं आहे.

आधी इथलं सांगते. अमेरिकेत, हर्नडनला, आम्ही ज्या चर्चला जातो ते पाहून, चर्चला देऊळच म्हणणारे तुम्ही विचारलं असतंत, देऊळ कुठंय? पूर्वी ते फर्निचरचं गोदाम होतं. दारातच कॉफीचं काउंटर, आत खुर्च्या, पुढं स्टेज, त्यावर ड्रम, आणि दोन्ही बाजूंना मोठे पडदे. गाण्यांची पुस्तकं नाहीत, ओळी पडद्यावर येतात, आणि त्या लावायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मी मागं एका उंच चौथऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसते. माणसं चुकीची नाहीत, पप्पा, तीच तर पंचाईत आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे रोज कुणी ना कुणी जेवण आणून देत होतं. ग्रीन कार्डासाठी आम्ही अकरा वर्षं ताटकळलो, तेव्हा पास्टर दर वर्षी आमचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात. माझी जीभ वळत नाही, मी पास्टरच म्हणते. गणपतीच्या पॉटलकला आपली मराठी मंडळी मला विचारतात, "तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?" चर्चमधले गोरे लोकही नेमकं तेच विचारतात. चार पिढ्या झाल्या, यांच्याच गावाकडच्या कुणा मिशनऱ्यानं बैलगाडीतून येऊन आमच्या पणजोबांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला शिकवलं, हे दोन्हीकडे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

राजकारण एकदम आत आलं असतं तर कळलं तरी असतं. आधी देशासाठी प्रार्थना सुरू झाली. त्यात काय, तुम्हीही करायचात, नाव न घेता, जो कुणी खुर्चीवर असेल त्याच्यासाठी. मग एका रविवारी स्टेजवर क्रूसाशेजारी झेंडा आला आणि तो परत गेलाच नाही. मग उपदेशात 'आपला देश आपल्याकडून काढून घेतायत' असं यायला लागलं. त्या 'आपला'मध्ये मी आहे की नाही, ते मला कधी कळलं नाही. बुधवारी आमच्या घरी बायबल स्टडी असतो. बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांबद्दल एक बाई तावातावानं बोलत होती, माझ्यासाठी सूप आणणारी हीच, आणि मध्येच तिला माझा चेहरा दिसला. "तुझ्याबद्दल नाही गं," ती म्हणाली, "तू रीतसर आलीस." मी हसले आणि तिला आणखी चहा ओतला.

आता तो आपल्या गावातला रविवार. मी अकरा वर्षांची आहे. नगरकडचं आपलं दगडी देऊळ, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, सगळे सतरंजीवर. तुम्ही शाळेत मास्तर आणि देवळात पंच, त्यामुळे उपदेशाआधीच्या सूचना तुम्हीच वाचायच्या. त्या दिवशी आमदारकीला उभे असलेले साहेब पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते. त्यांनी आदल्या दिवशी पंचांना शब्द दिला होता की कबरस्थानाला भिंत बांधून देतो. आपल्या कबरस्थानाला भिंत नव्हती, गावाच्या शेळ्या खुशाल आत चरायच्या. बदल्यात साहेबांना देवळात पाच मिनिटं बोलायचं होतं. दुसऱ्या पंचांनी चिठ्ठी लिहिली आणि मला खुणेनं बोलावलं, "जा, मास्तरांना दे." मी अनवाणी दोन सतरंज्यांमधून तुमच्यापर्यंत आले आणि तुमच्या हातात ती दिली. तुम्ही चष्मा लावलात. वाचलीत. चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलीत आणि पुढची सूचना वाचलीत, की पुढच्या रविवारी हंगामाचा सण आहे, ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवापुढं आणावं. बस. आशीर्वाद झाल्यावर तुम्ही स्वतः साहेबांना बाहेर लिंबाखाली नेलंत, चहा दिलात, आणि म्हणालात, "इथं हवं तितकं बोला साहेब. आत माणसं डोळे मिटून बसलेली असतात. डोळे मिटलेल्या माणसाकडं मत मागू नये."

घरी आल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. चिठ्ठीत काय होतं ते वाचलंस का? मी म्हणाले, नाही. "का नाही? शाळेत जातेस ना? आपल्या हातातून काही पुढं जाणार असेल तर आधी वाचायचं. न वाचता कुणाचं काही पुढं करायचं नाही." आई म्हणाली, अहो, पोर आहे, तिला काय कळतंय. तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी मी जेवले नाही. तेव्हापासून मी सगळं वाचते. औषधाच्या डबीतला बारीक कागद वाचते, ॲपच्या अटी वाचते, शाळेच्या सहलीच्या परवानगीची पाठची बाजू वाचते. सॉफ्टवेअर टेस्टर झाले, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं वाचून त्यातल्या चुका काढायच्या. ऑफिसमध्ये म्हणतात, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. मी म्हणते, वडिलांची शिकवण.

निवडणुकीआधीच्या शनिवारी दुपारी पास्टरच्या स्लाइड्स आल्या. गाणी, शास्त्रपाठ, सूचना, आणि शेवटी एक तक्ता. दोन उमेदवारांचे फोटो, खाली विषयांची यादी, समोर बरोबरच्या हिरव्या खुणा आणि चुकीच्या लाल फुल्या. एका बाजूला जवळजवळ सगळं हिरवं, दुसरीकडं सगळं लाल. तळाशी लिहिलं होतं, विश्वास ठेवून मत द्या. मी तो तीन वेळा वाचला, पप्पा. आणि मग मी काय केलं असेन? तिसऱ्या ओळीत स्पेलिंगची एक चूक होती ती दुरुस्त केली. हिरव्या खुणा कुठून कुठून उचललेल्या होत्या, काही मोठ्या, काही लहान, ओळीत नव्हत्या. त्या सगळ्या एका मापाच्या करून एका रेषेत बसवल्या. पास्टरना मेल केली, खुणा सरळ केल्या आहेत, आता छान दिसतंय. मग मेथी निवडायला बसले.

रविवारी अर्पणानंतर पास्टर म्हणाले, हे राजकारण नाही, ही मूल्यांची गोष्ट आहे. मी तक्ता लावला. ते म्हणाले, डोळे मिटा, आणि एका उमेदवाराचं नाव घेऊन त्याला विजय मिळावा म्हणून प्रार्थना करायला लागले. माझ्या चौथऱ्यावरून सगळं दिसतं. सगळ्या माना खाली होत्या, एक सोडून. तुमची नात अठरा वर्षांची झाली आहे, पप्पा. पहिल्यांदाच मत देणार होती. मी मागच्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यामुळे इथलं माझंही पहिलंच मत. आम्ही दोघी मिळून जायचं ठरवलं होतं. महिन्याभरानं तिचा बाप्तिस्मा होता, कुणी मागं न लागता तिनं स्वतःहून मागितलेला, आणि त्या दिवशी हातात तुमचं शास्त्र धरायचं असा तिचा हट्ट होता. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉपवर एक बटण दाबलं की पडदा काळा होतो, माझं बोट त्याच्या शेजारीच होतं. तुमच्या खिशाइतकं सोपं होतं ते. मी दाबलं नाही. ती उठली आणि माणसांचे गुडघे ओलांडत बाहेर गेली, आणि आमेन झाल्याबरोबर पुढच्या गाण्याची ओळ मी अगदी वेळेवर लावली.

गाडीत तिनं विचारलं, "मम्मा, डिड यू नो?" मी म्हणाले, "नाही गं. आयत्या वेळी आलं, मी न वाचताच लावलं." तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आय न्यू इट. तू असं कधीच केलं नसतंस." नवरा गाडी चालवत होता. शनिवारी मी त्याच्यासमोरच डायनिंग टेबलवर त्या खुणा सरळ करत होते. तो रस्त्याकडे बघत राहिला, आणि घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे ना यार, दोन मिनिटांची तर स्लाइड होती."

पण ती जाऊ देणारी नाही, तुमच्यावर गेली आहे. तिनं पास्टरना मेल लिहिली. बाप्तिस्मा कॅन्सल करते आहे असं लिहिलं, आणि पुढं लिहिलं की माझी आई एकेक शब्द वाचणारी बाई आहे, तिला न सांगता तुम्ही हे तिच्या हातून करवून घेतलंत, ते मी विसरणार नाही. पाठवायच्या आधी लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "चेक कर ना, काही चुकलंय का?" मी वाचली. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता, तो घातला, आणि लॅपटॉप परत दिला.

मंगळवारी पास्टरचा फोन आला. मी मनात भांडण तयार करून ठेवलं होतं. ते म्हणाले, "तिचं दुखावणं मला समजतं, मी तिची माफी मागितली. तुझ्या शनिवारच्या मेलबद्दल मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तुम्हा दोघींमधलं आहे." मी थँक यू म्हणाले. काय करणार दुसरं? मग ते म्हणाले, तक्ता मात्र योग्यच होता असं मला अजूनही वाटतं, पुढच्या वेळीही दाखवेन. डोक्यात जातो हा माणूस. देवाच्या घरात एका माणसासाठी मत मागतो आणि वर माझी अब्रू राखतो. मी त्याला धड शिव्याही देऊ शकत नाही. सगळे हक्क माझे मीच घालवून बसले आहे.

आणि तुम्ही. तुम्ही मला अर्धंच शिकवलंत. वाचायचं, हे सांगितलंत. वाचल्यावर समोरचा माणूस तीन आठवडे सूप आणणारा निघाला तर चिठ्ठी खिशात कशी घालायची, ते नाही सांगितलं. तुम्हाला ते सोपं गेलं असं मी वर्षानुवर्षं समजत होते. पण भिंत झाली नाही. पंच तुम्हाला दोन वर्षं नीट सलामही करत नव्हते. आई तर शेवटपर्यंत म्हणायची, तुमच्या ताठ्यापायी सासूबाईंच्या कबरेवर शेळ्या नाचतात. तुम्ही गेलात तेव्हा मी इथून निघून पोचेपर्यंत तुम्हाला मातीही दिली होती. मी कबरस्थानात गेले तर कबरेवरचा झेंडूचा हार एक शेळी खात उभी. मी तिला हाकललंसुद्धा नाही, तिथंच बसून रडले, आणि त्यातलं अर्धं रडणं रागाचं होतं. पाच मिनिटं बोलू दिलं असतं त्या माणसाला तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. खरं सांगू? परवापर्यंत अधूनमधून वाटायचं.

काल लेक म्हणाली, चर्चला तू जात राहा, मला चालेल, तुझी काहीच चूक नव्हती. मी भांडी लावत होते, लावत राहिले. मत द्यायला मात्र ती एकटीच जाऊन आली. मी गेलेच नाही. हे पत्र मी तुमच्या शास्त्रात ठेवणार आहे. कपाटातून ते तीच काढते, पानं उलटून पाहते, पण तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे इथं ते सुरक्षित आहे, आणि अशी सुरक्षित जागा मी बरोबर शोधली, हे लिहितानाच माझ्या लक्षात येतंय.

एक राहिलं. त्या रविवारी चिठ्ठी देताना मी दोन सतरंज्यांच्या मधे थांबले होते. तुम्हाला वाटलं असेल, पोर बुजली. मी चिठ्ठी उघडून वाचत होते. भिंत होणार म्हणून मला इतका आनंद झाला होता की उरलेलं अंतर मी पळतच आले. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणाले, कारण न वाचल्याबद्दल कमी रागावाल असं वाटलं. वाचता मला तेव्हाही येत होतं, पप्पा.