पानाची मागची बाजू

जांभूळखोरा (फर्दापूरजवळ)
२२ ऑगस्ट २०२४

ती. बाबांना,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी खुशाल आहे. गावात रेंज नाही, टेकडीवरच्या चिंचेखाली तेवढी मिळते. तिथं कायम चार माणसं फोन लावत असतात, त्यांच्यासमोर घरचं बोलवत नाही, म्हणून हे पत्र.

कृषी सहायक म्हणून रुजू झाले आणि त्या चिंचेखालीच बैठक मांडली. शेतकरी रोगट पानं तोडून आणतात, मी फोटो कृषी विज्ञान केंद्राच्या ग्रुपवर टाकते, शास्त्रज्ञ लगेच उत्तर देतात. पूर्वी ज्या माहितीसाठी तालुक्याला खेटे घालावे लागत, ती बसल्या जागी! मी तर हवेतच होते.

इथल्या शेतकरी मुक्ताबाईंच्या कपाशीनं खाली आणलं. पानं लाल पडली होती. फोटो बघून मॅग्नेशियम कमी असल्याचं उत्तर आलं, त्यांनी ते फवारलं, तरी लाली पसरतेच आहे. एकट्या बाईचा संसार त्या कपाशीवर आहे, बाबा. लई झालं तुझ्या फोनचं, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. आता चिंचेखाली कुणी फिरकत नाही. बदली मागावीशी वाटते.

आईला जयभीम. लोभ आहेच, सध्या जरा जास्तीचा लागेल.

आपली,
विशाखा

बजाजनगर
२७ ऑगस्ट

चि. विशाखा हिस
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचून मला कसंसंच झालं. तुझ्या आईला मात्र हसू आलं. तिचं म्हणणं, नुसता फोटो बघून कुणी सोयरीक करतं व्हय? घर बघायला जावं लागतं. तू त्या बाईच्या शेतात गेलीस का, एवढंच तिनं विचारायला सांगितलं आहे.

हे सांगता सांगताच तिनं पाकिटात एका मुलाचा फोटो कोंबला. मी तो तसाच राहू दिला, मला याच घरात राहायचं आहे.

बदलीचं नंतर बघू. आधी शेतात जा. जेवणाची हयगय करू नकोस. माया आहे तशीच आहे, ती रेंजवर अवलंबून नाही.

तुझा,
बाबा (कचरू)

जांभूळखोरा
१० सप्टेंबर

ती. बाबांना आणि आईला,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आईचं म्हणणं पत्रात वाचलं आणि सकाळीच मुक्ताबाईंच्या शेतात गेले. त्या बांधावर तोंड फिरवून बसल्या होत्या. झाडावरचं पान न तोडता हळूच उलटलं, तर मागच्या बाजूला हिरवे तुडतुडे तिरके पळत होते! रस शोषून पान लाल करणारे हेच. पान तोडलं की ते उडून जातात, त्यामुळं चिंचेपर्यंत एकही पोचत नव्हता. शास्त्रज्ञांना बिचाऱ्यांना दिसणार काय? मी शेतातच व्हिडिओ काढला, टेकडी चढले, पाठवला. खाली उतरायच्या आत औषध आणि त्याचं प्रमाण आलं.

लाल पानं लालच राहिली, पण नवी पालवी हिरवीगार आली आहे. बघून मला रडूच आलं.

परवा चिंचेखाली गेले, तर मुक्ताबाई आधीच तिथं धापा टाकत बसलेल्या. शेजारणीच्या कपाशीचं पान झाडावरच उलटून त्यांनी स्वतः फोटो काढून आणला होता. पाठवायचा कसा, तेवढं त्यांना माझ्याकडून शिकायचं होतं.

बदली मागत नाही. मुलाचा फोटो परत पाठवते आहे. आईला म्हणावं, आधी घर बघू.

दोघांचा लोभ असाच असू द्या.

आपली,
विशाखा