बुटात वाळू जाऊ नये म्हणून

२ नोव्हेंबर
ठरलं! हे हो म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघंच असे कधी कुठे गेलोच नाही. आता एकदम ते बेट—नुसती वाळू, रानगवत, पक्षी. रस्तासुद्धा नाही. जन्मभर लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाला मी कुठे नेतेय बघा!

५ नोव्हेंबर
नाववाल्याला फोन केला. म्हणाला, "नकाशा आणू नका, वाळू दरवर्षी जागा बदलते. पाणी आपापलं आणा. सावलीपण." उतरल्यावर पक्ष्यांपर्यंत तीन तास वाळूतून पायी. यांना सांगितलं, तर "तीन तास म्हणजे काहीच नाही." शिकाऊंच्या शेजारी बसून यांच्या पायाखाली कायम जादा ब्रेक—घरीसुद्धा माझ्या प्रत्येक बेतावर तो दाबतात. या वेळी दाबला नाही. नवलच वाटलं.

९ नोव्हेंबर
बुटात वाळू जाऊ नये म्हणून दोघांना जाड कापडाच्या नळ्या शिवतेय, बुटापासून गुडघ्यापर्यंत. गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करून झाल्यावर यांना खुर्चीत बसवलं, टेप काढला. "एकाच पायाचं घे, दोन्ही सारखेच." पण मी कधीच एका पायावर भरवसा ठेवत नाही. उजवा गुडघा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं जाड निघाला. हात लावला तर गरम.
"कधीपासून?"
"उन्हाळ्यापासून." मग खाली बघत, "तू इतकी हरखली होतीस."
आधी राग आला. मग रडू.

१० नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, वाळूत चालायचं विसरा.

११ नोव्हेंबर
"तसंही तिथे आहे काय, वाळूच ना," असं यांना म्हटलं आणि मशीनवर बसले. धागा सारखा तुटत होता. जीव कशातच लागेना.

१४ नोव्हेंबर
नाववाल्याला नाही कळवायला फोन उचलला, तर हे म्हणाले, "तू जा. इथे तुझं तोंड बघत बसू का मी? आणि परत आल्यावर मला बरं वाटावं म्हणून 'काही विशेष नव्हतं' असं सांगू नकोस."
एकटी? मी? बाजारापलीकडे कधी एकटी गेले नाही. यांच्यावाचून तिथे करमणार कसं? पावलोपावली आठवण येईल. तरी पिशवी भरली.

२१ नोव्हेंबर, बेटावर
पोचले. चालले. पक्षी इतके की आभाळ दिसेना. आणि इथे खरं तेच लिहायचं तर—दिवसभरात यांची एकदाही आठवण आली नाही.