पटाश्यांची लोकरी पिशवी

बाबा, आज फार दमले आहे, म्हणून तुमच्याशी बोलायला कागद घेऊन बसले.

मिठाचा सत्याग्रह झाला त्या वर्षी तुमच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात काही सावरला नाही. मुरुडच्या बंदरातले निम्मे मचवे तुमच्या हाताखालून गेलेले, आणि तुम्ही ओटीवर आढ्याकडे बघत पडून राहायचात. कुणी कामाचं विचारायला आलं की भिंतीकडे तोंड फिरवायचात. सुतारकामाच्या हत्यारांची पेटी खाटेखाली होती, आणि लाकूड कोरायच्या पटाश्यांना खाऱ्या हवेनं गंज चढत होता. खंडेनवमीला पूजेसाठीसुद्धा तुम्ही पेटी उघडू दिली नाहीत. आईनं बंद पेटीवरच झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की तुम्ही आता उठायचेच नाही.

शाळेतल्या बाईंनी मला सुयांवर विणायला शिकवलं होतं. त्यांची लोकर मुंबईहून आगबोटीनं यायची, त्यातली उरलेली करडी लोकर त्यांनी मला दिली. प्रत्येक पटाशीला वेगळा खण, अशी पिशवी विणायची मी ठरवली. बाई म्हणाल्या, "चांगली मोठी विण. मग कढत पाण्यात रिठा घालून तुडव, म्हणजे आटून जाड होईल." विणून झाली तेव्हा तुम्ही ती बघितलीत आणि आजारपणात पहिल्यांदा हसलात. "बाय, ही पटाश्यांची पिशवी? हिच्यात बकरी ऱ्हाईल!" मी रागारागानं न्हाणीत जाऊन घंगाळात कढत पाणी ओतलं आणि पिशवी चोळायला लागले. लोकर दाद देईना. तेवढ्यात भिंत धरत धरत तुम्ही दारात आलात. "सर बाजूला. हात गेला तरी पाय हाय ना अजून." आई ओरडली, "अवो, पडाल!" तुम्ही कुठले ऐकताय! मला अजून दिसतं, धोतर वर खोचलेलं, डावा हात माझ्या खांद्यावर, आणि तुम्ही तुडवताय, तुडवताय, घामाघूम होऊन.

जरा जास्तच तुडवलंत. वाळल्यावर एक खण इतका आवळला, की रुंद पटाशी त्यात काही केल्या जाईना. ती पेटीतच राहिली. बाकीच्यांचा गंज माझ्याकडून खरवडून घेतलात, डाव्या हातानं एकेकीला खोबरेल लावलंत. मी हरखून गेले होते, आता तुम्ही कामाला लागणार म्हणून. शेवटची पटाशी आत सरकवलीत आणि पिशवीवरून हात फिरवलात. "निजा आता, बायांनो. लय राबलात." मग पिशवी माझ्या हातात दिलीत. होळीच्या आधीच तुम्ही गेलात.

त्या बोलण्याचा मला कितीतरी वर्षं राग होता. तुम्ही उठावं म्हणून मी पिशवी विणली, आणि तुम्ही तिच्यात पटाश्या निजवल्यात. आता माझ्याच बोटांतून सुई सुटते. नातीचा स्वेटर अर्धा पडला आहे. "आजी, झाला का?" ती रोज विचारते, मी रोज "उद्या" म्हणते.

हे पत्र टाकायचं कुठे? घडी करून पिशवीतच ठेवीन. काल दुपारी पटाश्यांना तेल लावायला ती काढली होती. त्या आवळलेल्या रिकाम्या खणात अर्ध्या स्वेटरातून काढलेल्या माझ्या विणायच्या सुया सरकवल्या, बरोबर बसल्या. आता विणणार नाही, हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते, बाबा, फार बरं वाटलं.