आधी ‘गेल्या’ म्हणायचं

मुलुंड, रविवार, १५ जून

दुपारी मुग्धा आली, माझ्या भावाची मुलगी. उद्यापासून तिची हॉस्पिटलात इंटर्नशिप. सलाइन लावता येतं, टाके घालता येतात. धास्ती एकाच गोष्टीची, पेशंट गेल्याचं घरच्यांना कसं सांगायचं?

“काका, तू नातेवाईक हो ना. अ‍ॅक्टिंग नको, नुसता बस.” मग तिनेच जीभ चावली. “सॉरी. काकूला जाऊन वर्षही नाही झालं. राहू दे.”

“सांग तू,” म्हटलं.

बीपी खूप उतरलं होतं, आम्ही सगळे प्रयत्न केले, पण शरीराने साथ दिली नाही. इतकं बोलून ती थांबली. माझी बायको नलिनी गेली, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं. मी तेव्हा हातातला थर्मास पुढे करून त्याला विचारलं, “मग हिला पेज आत्ता देऊ, की थोड्या वेळाने?” तो खाली बघत राहिला. वाईट नव्हता मुलगा. शब्दच निघेना त्याच्या तोंडून.

हे मुग्धाला सांगावं का? कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं, थर्मासचंही.

तिने खुर्ची जवळ ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, त्या गेल्या.”

“हां. आधी हे. बीपी वगैरे नंतर.”

“आणि समोरचा रडला तर?”

“तर थांबायचं. पळायचं नाही.”

ती गेल्यावर पेज केली. माझ्यापुरतीच, थर्मास लागला नाही. मीठ घातलं आणि ओट्याशी उभ्यानेच प्यायलो.