तुझं पूर्ण नाव

वाशिम,
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. पल्लवीची पाठ बरी झाली, ती परत शाळेत शिकवायला जायला लागली. दाजींची तूर आता फुलावर आली असेल. सोयाबीन विकलं की घरातच ठेवलं, हे त्यांना फोनवर विचारायचं राहून गेलं. तुझ्याशी तर फोनवर काहीच बोलणं होत नाही. मी विचारतो, कशी आहेस? तू म्हणतेस, "बरी आहो," आणि फोन दाजींच्या हातात देतेस. म्हणून हे पत्र. धम्मदीपा शनिवारी मेडशीला येणार आहे, तिच्याजवळ देतो.

घराबद्दल सांगायचं आहे.

जूनमध्ये आपण दोघांनी मिळून नानाजींचं घर घ्यायचं ठरवलं. खालच्या दोन खोल्या तुझ्या, वरच्या दोन माझ्या, अंगण दोघांचं आणि खरेदीखतही दोघांच्या नावानं. धम्मदीपाचं कॉलेज इथंच आहे, पुढेमागे तुम्ही दोघंही इथं राहायला याल, असं तूच म्हणाली होतीस. त्याला पाच महिने झाले. तू दर वेळी विचारलंस, "कधी होते खरेदी?" आणि मी दर वेळी एक कारण दिलं.

पहिलं कारण खरं होतं. घर नानाजींच्या वडिलांच्या नावावर, त्यामुळे नानाजींच्या बहिणीचाही त्यात हक्क. त्या भागिरथाबाई रिठदला असतात. हक्कसोडपत्रावर त्यांची सही हवी होती आणि त्या मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेल्या. जुलै त्यातच गेला, अर्धा ऑगस्टही गेला. पण पोळ्याच्या आधी त्या वाशिमला आल्या. दोघांनी दोन्हीकडून धरून त्यांना नोंदणी कचेरीच्या पायऱ्या चढवून नेलं, सही झाली आणि त्या परत गेल्या.

हे मी तुला सांगितलं नाही.

त्यानंतरची सगळी कारणं माझी. कचेरीतला सर्व्हर खरंच बंद होता, पण एकच दिवस. मी तो तुझ्यासाठी तीन आठवडे बंद ठेवला. नानाजी पुण्याला मुलाकडे गेले, असं सांगितलं तेव्हा ते इथंच होते. ते मलाच विचारत होते, "दुसरं नाव कोनाचं टाकाचं हाये? आधार कार्ड आणून द्या, म्हणजे वकील कागद बनवते." तुझं आधार कार्ड माझ्या बॅगेत होतं. मी दिलं नाही.

नानाजींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "इंगळे म्हणजे कुठले?" मी म्हणालो, मालेगाव तालुक्यातले. त्यांना गाव विचारायचं नव्हतं, हे मला कळत होतं. इंगळे आपल्यात आहेत तसे त्यांच्यातही आहेत. त्यांनी समजायचं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं. भाड्याची खोली शोधताना तीन ठिकाणी पूर्ण नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' होती, हे तुला माहीत आहे. पण ते मी कारण म्हणून सांगत नाही. तूही त्याच जिल्ह्यात राहतेस आणि अंगणवाडीच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं पूर्ण नाव लिहितेस, रुख्मिणी संघपाल तायडे. ते नाव खरेदीखतात माझ्या शेजारी आलं की नानाजींना सगळं कळणार होतं.

सात सप्टेंबरला तू आणि धम्मदीपा घर पाहायला आलात. तुला मागची खोली आवडली, खिडकीतून उजेड येतो म्हणालीस. अंगणात नळापाशी उभी होतीस तेव्हा दाजींचा फोन आला आणि तू नेहमीच्या मोठ्या आवाजात "जय भीम" म्हणालीस. ओट्यावर बसलेल्या नानाजींनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोन?" त्यांनी हळूच विचारलं. मी काहीतरी बोललो आणि विषय बदलला. तू लांब होतीस, ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चाललो. तू मात्र लगेच निघालीस. मी सोडायला येतो म्हटलं, तर "नको, आमी जातो" म्हणालीस.

मागच्या रविवारी धम्मदीपा आमच्याकडे जेवायला आली होती. वरण-भात कालवता कालवता मान खाली घालूनच म्हणाली, "मामा, खरेदीत आईचं नाव नसन टाकाचं तं तसं सांगून द्या. आई काही म्हणनार नाही."

"नाव नाही टाकाचं असं कोन म्हणते?" मी म्हणालो.

"त्या दिवशी आमी नळापाशीच होतो. सगळं आयकू आलं."

पल्लवी वाढता वाढता थांबली. "काय झालं होतं त्या दिवशी?" तिलाही मी काही सांगितलं नव्हतं.

"मामाले विचारा," पोरगी म्हणाली.

ताई, तुला ते माहीत आहे. तरी ते माझ्या हातानं लिहायला पाहिजे. मी म्हणालो होतो, "त्या बाई गावाकडच्या हायेत. खरेदी झाल्यावर घर झाडून-पुसून द्याले सांगितलं."

मी पल्लवीला तेच शब्द सांगितले. ती पातेलं घेऊन आत गेली. मग धम्मदीपा म्हणाली, "आई यष्टीत एकच गोष्ट बोलली. मामाले इचारू नको, त्याले लाज वाटन."

तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

पल्लवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मंगळवारी सकाळी तिनं आतल्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो काढला आणि समोरच्या खोलीत, दारातून दिसेल असा लावला. तो आत मीच लावला होता, घरमालक भाडं घ्यायला येतो म्हणून. इतकी वर्षं तिला सांगत होतो, समोर ऊन लागतं, रंग उडतो.

त्याच संध्याकाळी मी नानाजींकडे गेलो. तुझं आधार कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणालो, "दुसरं नाव हे. ही माझी सख्खी मोठी बहीण. त्या दिवशी आली होती तीच. मी तुमच्याशी खोटं बोललो. आम्ही बौद्ध आहोत."

नानाजींनी कार्डावरचं नाव वाचलं. "हे पयल्याच दिवशी सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"सांगितलं असतं तर घर दाखवलं असतं का?"

 नानाजींची बायको सोजरबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आमाले त्याच दिवशी समजलं होतं. तुमा दोघाचा चेहरा एक हाये. मी ह्यायले तवाच म्हटलं, सख्ख्या बहिणीले कामवाली म्हणनाऱ्यासंगं येवहार करू नका."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठलो नाही. नानाजींना विचारलं, "अन तुमी काय म्हटलं?"

ते जमिनीकडे पाहत बोलले. "मी म्हटलं, आपल्याले काय कराचं. गल्लीतले दहा गोष्टी विचारतीन. तुमचं एकट्याचंच नाव आलं तं बरं होईन, असं वाटे मले. म्हणून मीही जास्त तगादा नाही लावला."

म्हणजे ताई, ते आणि मी, दोघंही आपापल्या घरी बसून तुझं नाव गळून पडायची वाट पाहत होतो. त्यांच्यासाठी तू परकी होतीस. मला तर तू कडेवर घेऊन फिरवलंस.

"उद्या सांगतो," नानाजी म्हणाले. बुधवारी फोन आला नाही, गुरुवारीही नाही. घर गेलं असंच मी धरलं, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. शुक्रवारी त्यांचा फोन आला, "सतरा तारखेची येळ घेतली. दोघंही या."

काल खोल्यांची मापं घ्यायला गेलो. शेजारच्या बाबूसिंगांनी विचारलं, "कोन कोन राहनार हाये इथं?" मी म्हणालो, "माझी मोठी बहीण, तिच्या घरचे, अन आमी." त्यांनी नाव विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, माझंही. कुठले, काय, तेही सांगितलं. "बरं," म्हणाले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. असं पुढेही होईल. तिथं सगळं गोड असेल, असं मी तुला सांगत नाही. आता मी तुला काहीच सजवून सांगणार नाही.

कच्च्या मसुद्यात पहिलं नाव तुझं आहे. त्यानं काही भरून निघत नाही, हे मला कळतं. तुला माझ्याबरोबर एका अंगणात राहायचं नसेल, तर तेही बरोबर आहे. तसं असलं तर मी एकट्यानं सही करणार नाही, घर जाऊ देईन. दाजींना तू सांगितलं नसशील तर सांगू नकोस, ते मीच येऊन सांगेन.

सतरा तारखेला सकाळी नऊपासून मी स्टँडवर उभा राहीन आणि मेडशीकडून येणारी प्रत्येक गाडी पाहीन. तू उतरलीस तर आपण कचेरीत जाऊ. नाही उतरलीस तर दुपारच्या गाडीनं मीच तुझ्याकडे येईन. घराचा विषय काढणार नाही. तू दार उघडेपर्यंत बाहेर बसेन.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
नरेंद्र