परतीची नळी

३ मार्च
लेकीचा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडतो. शेवटच्या वर्षाची सगळी ड्रॉइंग्ज त्यातच, वीस तारखेला सबमिशन. दुकानदार म्हणाला, धूळ झटका, पंखा बदला. धूळ कोणीही झटकेल. मी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून चिपच गोठवणार.
ही म्हणाली, आधी तिला कॉपी काढून ठेवू दे. म्हटलं, हा माझ्यावर अविश्वास आहे. विषय संपला. लेक उठून तिच्या खोलीत गेली. समजूतदार आहे.

६ मार्च
बाकी सगळं तयार. चिपकडून गार गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणारी नळी तेवढी ठरायची आहे. फ्रिजवाला म्हणतो, तांब्याचीच घ्या, वरून फोम चढवा.
तांबं वाकवताना दोनदा चेपलं. हल्ली तांबंच हलकं येतं.

७ मार्च
पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली. हवी तशी वळते. फ्रिजवाल्याला दाखवली. तो बराच वेळ नळीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, साहेब, चालू असेपर्यंत टिकेलही. मशीन थांबलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. फुटेल ती तेव्हा.
सोपं आहे. थांबवायचंच नाही.

९ मार्च, सकाळी ११
चालू केलं. चिप उणे बारा. लेक म्हणाली, वा, बाबा. आणि खुर्ची जरा मागे घेतली.

११ मार्च
नळीवर पांढरा थर. बोटभर. फोम लावलेला नाही. लावला तर दिसणार काय?

१२ मार्च
वीतभर. खाली थेंब पडतात. हिने विचारलं, पाणी कसलं? म्हटलं, हवेतलं. म्हणे, मग हवेतच राहू दे की. वाटी ठेवली.

१४ मार्च
स्विचवर चिकटपट्टी लावली. घरात आता कोणी दार आपटत नाही. मांजर त्या खोलीत येईनासं झालंय. नळी नखाने वाजवून पाहिली. टक्. काचेसारखी. प्लास्टिक दिवसेंदिवस मजबूत होतंय.

१६ मार्च
वाटीच्या जागी पातेलं. जेवताना लेकीने विचारलं, बाबा, हे बंद कधी करायचं? म्हटलं, सबमिशन झाल्यावर. तिने विचारलं, कसं?
भाजी छान झाली होती.

१८ मार्च, दुपारी ३.१०
वीज गेली. घरघर थांबली. नऊ दिवसांत घर इतकं शांत नव्हतं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, जवळ जाऊ नका.

३.१४
नळी करकरतेय. धरून ठेवतो.

१९ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. थंडीनेही भाजतं, हे माहीत नव्हतं. नळी फुटली, बर्फ बोर्डावर सांडून वितळला. दुकानदाराने कॉम्प्युटर उघडला आणि लगेच झाकला.
लेकीला सांगायला गेलो. वाक्य पाठ केलं होतं, अर्ध्यात अडकलं. ती म्हणाली, बाबा, हात बघू आधी. बँडेज नीट बांधलं. मग पर्समधून पेन ड्राइव्ह काढून हिच्या लॅपटॉपला लावला. सगळी ड्रॉइंग्ज होती.
कॉपी काढल्याची तारीख मी हळूच पाहिली. ३ मार्च.
त्या दिवशी मी अजून कशालाच हात लावला नव्हता.