सूपभर बाजरी

६ एप्रिल
सोनगीरला खोली मिळाली. नरडाण्याच्या कारखान्याची बस समोरूनच जाते. खोली माडीवर आहे, दुपारी तापेल. पण खिडकीतून किल्ला दिसतो. घरमालकीण कोकिळावहिनींनी आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांचा हितू पाच वर्षांचा. यंत्रांची मापं बरोबर आहेत का, हे तपासणं माझं काम. माझी मापनसाधनांची पेटी मी कुणाला हाताळू देत नाही. आज हितूला दिली.

१९ एप्रिल
हितू चेंडूमागे धावताना कोसळला. श्वास नव्हता. कारखान्यात शिकवलं होतं तशी छाती दाबत राहिले. त्याच्या वडिलांनी, रुपचंदभाऊंनी, जीप काढली. धुळ्याच्या अलीकडे नाडी लागली.

२ मे
हितू घरी आला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावतात. आकडा ८८च्या वर जात नाही. वहिनी त्याची छाती हलते का ते पाहत बसतात आणि भाकरी तव्यावर जळते. भाऊंनी चेंडू छपरावर फेकला. संध्याकाळी शिडी लावून तोच खाली काढला.

५ मे
वहिनींची दोन मुलं याआधी गेलीत. आपल्या नशिबी पोर टिकत नसेल तर ते दुसरीला विकायचं, धोका टळला की परत घ्यायचं, अशी इथली रीत. वहिनींनी किंमत मागितली सूपभर बाजरी. त्यांचं समाधान म्हणून मी दिली. त्यांनी हितूला माझ्या मांडीवर बसवलं.
"ताई, हाऊ आते तुना. मना नही."
भाऊ म्हणाले, मॅडमला लग्नाआधीच पोरगा झाला, पेढे वाटा. कुणी हसलं नाही.

११ मे
हितूचा आकडा ९७. माझ्याच खोलीत राहतो, पळतो, पोटभर जेवतो. मला आई म्हणतो. वहिनी जवळ आल्या की परकं माणूस पाहिल्यासारखा माझ्यामागे लपतो. रीतीप्रमाणे त्यांनी त्याला नावानं हाक मारायची नाही. जिन्याखाली बसून त्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालतात, मोडतात, पुन्हा घालतात.
सहज माझं बोट घातलं. ८८.
यंत्र कारखान्यात नेऊन तपासलं. बिघाड नाही.

१५ मे
माझा आकडा ७४. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. हितूच्या वेळचेच शब्द.

१७ मे
५९. एवढ्यावर माणूस जिना चढू शकत नाही. मी चढते.
वहिनींना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, परत घेतला तर हितूचं काय होईल. उत्तर त्यांना ठाऊक आहे.

१८ मे
भर दुपार. दाराबाहेर वहिनी. फटीतून सूप दिसतं, तीच बाजरी.
"ताई, तूबी कोनी तरी पोर शेस. मना पोऱ्या माले दे."
मीही कुणाची तरी पोर, म्हणून रडतायत. हितू विचारतो, ती बाई कोण—
त्याचा ९८.
माझं बोट यंत्रात. आकडा नाही. नाडी नाही. नुसत्या रेघा. तरी मी लिहिते—
कडी वाजते. दार उघडलं तर त्याचा आकडा—
आतूनच सांगते त्यांना. तो माझा—